गरुडाच्या पंजातली चवरी

बाळांनो, तुम्ही टेक्सासमधल्या प्लेनोहून विचारलंत की आजीने पाठवलेल्या फोटोत तो गरुड गदा आणि चवरी घेऊन का उडतोय. तुमच्या बाबांनी म्हणे सांगितलं, "आजीने काहीतरी मिक्स केलं असेल." मी काहीही मिक्स केलेलं नाही. नीट वाचा.

यंदा न्यू जर्सीत एडिसनमधल्या आमच्या मराठी मंडळाला देशप्रेमाचा झटका आला. चार जुलैच्या, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या, आदल्या शनिवारी शाळेचा हॉल घ्यायचा, अमेरिकेच्या सगळ्या राज्यांचे आणि ताब्यातल्या बेटांचे झेंडे रांगोळीत काढायचे आणि मेयरना बोलवायचं, असं ठरलं. चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांना कॅलिफोर्निया आलं ते स्वतःच जिंकून आणल्यासारखे मिरवू लागले. मला आलं पॅसिफिक महासागरातलं अमेरिकन समोआ. समोशाचा विनोद सुचायला फारशी हुशारी लागत नाही, त्यामुळे तो सगळ्यांना सुचला.

मला मात्र आनंद झाला, कारण आमची शेजारीण तिथलीच. ती नर्स आहे, तिचा मुलगा अमेरिकेच्या सैन्यात आहे. तरी तिकडे जन्मलेली माणसं जन्माने इथली नागरिक होत नाहीत, आणि ती अजून झालेली नाही. त्यामुळे तिला मत देता येत नाही. हे मी मंडळात सांगितलं, तेव्हा ग्रीन कार्डाच्या रांगेत म्हातारा होत चाललेला एक जण म्हणाला, "काकू, मग त्यांची प्रायॉरिटी डेट काय?" आपल्या लोकांची सहानुभूती ही अशी, आधी रांगेतला नंबर विचारणारी.

शेजारीण मला म्हणाली, "इतकी वर्षं इथल्या परेड बघते, माझा झेंडा एकदाही दिसला नाही. तुम्ही काढा. मी व्हिडिओवर आईला दाखवीन." तिची आई बेटावरच असते. हे ऐकल्यावर मी दोन वेळा कागदावर काढून हात बसवला.

झेंडा असा: निळी जमीन, तांबड्या काठाचा पांढरा त्रिकोण, आणि त्यात झेपावणारा अमेरिकेचा गरुड. डॉलरच्या नोटेवर त्याच्या पंजांत बाण आणि ऑलिव्हची फांदी असते. इथे एका पंजात लढाईचा सोटा असतो, दुसऱ्यात चवरी. सोटा म्हणजे तिथल्या सरदारांची सत्ता, चवरी म्हणजे त्यांचं शहाणपण. पक्षी वॉशिंग्टनचा, सामान गावच्या वडीलधाऱ्यांचं. "हा ते सांभाळतोय की उचलून नेतोय?" मी शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "ते त्या त्या दिवसावर असतं."

शनिवारी रांगोळी पुरी केली आणि चहा घ्यायला गेले. परत येते तो आमचे अध्यक्ष गुडघ्यांवर बसून माझ्या गरुडाला ऑलिव्हची पानं लावताहेत.

"काकू, छोटी मिस्टेक होती, फिक्स केली. पायात झाडू आणि बेसबॉलची बॅट आली होती. मेयर बघणार ना यार!"

"तो झाडू नव्हता. चवरी होती."

"चवरी? झेंड्यावर कशाला असेल चवरी?"

बाळांनो, हा माणूस दर गणपतीत आरतीला चांदीच्या दांड्याची चवरी ढाळतो. दुसऱ्या कोणाला तिला हात लावू देत नाही.

तेवढ्यात शेजारीण दारातून आत आली. हातात फोन, फोनवर आई. पुन्हा रंग भरायला वेळ नव्हता. मंडळाचं सगळं सामान एकाच खोक्यात असतं, सजावटीसाठी ते खोकं तिथेच होतं. मी पुठ्ठ्याने अध्यक्षांच्या बाणांची आणि फांदीची रांगोळी उचलली, खोक्यातून गणपतीची चवरी काढली, मुलांच्या फॅन्सी ड्रेसमधली मारुतीची सोनेरी गदा काढली आणि दोन्ही पंजांपाशी ठेवली.

इतर मंडळी बूट घालूनच झेंड्यांमधून हिंडत होती. तिने कडेला चपला काढल्या. गदा बघून ती इतकी हसली की फोन हलला. फोनमधली म्हातारीही हसली. मग शेजारणीचं चवरीकडे लक्ष गेलं आणि तिचं हसू थांबलं. वाकून तिने ती उचलली आणि झटक्यात खांद्यावर टाकली. तिचे आजोबा गावाच्या वतीने बोलायला असेच उभे राहायचे म्हणे. फोनमधून आई काहीतरी कडक आवाजात म्हणाली, तशी ही ताठ झाली आणि आपल्या भाषेत बोलू लागली. आम्हाला एक शब्द कळला नाही, पण हॉल गप्प झाला. आमच्या मंडळात हे अध्यक्षीय भाषणालाही कधी जमलेलं नाही.

अध्यक्ष धावत माझ्याकडे आले. "काकू, अहो, ती पूजेची आहे!"

"असू द्या," मी म्हटलं. "झाडूच तर आहे."

बोलणं संपल्यावर तिने चवरीचे केस सारखे करून ती परत पंजापाशी ठेवली आणि फोन अगदी जवळ नेऊन आईला झेंडा टोकापासून टोकापर्यंत दाखवला. तुम्हाला पाठवलेला फोटो त्यानंतरचा. त्यात कोपऱ्यात पांढरे बूट दिसतात, ते अध्यक्षांचे. ते फ्लोरिडावर उभे आहेत.