बेकरीपाशचा पीसीओ

ओमानमधल्या सोहारच्या त्या बेकरीतून गरम खुबूस रोटीचा वास आला की माझा हात अजूनही पर्समध्ये फोनचं कार्ड शोधतो. तिच्या भिंतीला तेव्हा सार्वजनिक फोन होता आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा झाली की आम्ही वसईकर तिथे रांग लावायचो. आमच्या तोंडी त्याचं नाव पीसीओ. मी हॉटेलात रिसेप्शनला नवीन होते, नोकरी पक्की व्हायची होती. स्टीलच्या कारखान्यात कामाला आलेल्या रत्नागिरीच्या एका टेक्निशियनने घरी फोन कुठून लावू म्हणून विचारलं. मी सवयीने इंग्रजीत सांगितलं, पीसीओ बेकरीपाशी आहे. मागे मॅनेजर उभे होते, मुंबईचेच, पण बड्या शाळेतले. लॉबीत सगळ्यांसमोर म्हणाले, "पेफोन म्हण. ही वसई नाही. नोकरी टिकवायचीय ना?" माझे कान तापले. म्हटलं, "सर, यांना कळलं, मग चुकलं कुठे? दर शुक्रवारी मी तिथून आईशी बोलते. मी पीसीओच म्हणणार. काढायचं तर काढा." ते काही बोलायच्या आत तो रत्नागिरीचा पाहुणा "पीसीओ ना? गावतलो", म्हणजे सापडेल, म्हणत बाहेर पडलासुद्धा. मला कुणी काढलं नाही. फोन मात्र कधीच काढून नेला, भिंतीत चार भोकं उरलीत. गेल्या शुक्रवारी टॅक्सीत बसले आणि मुद्दामच नुसतं "पीसीओ" म्हणाले. ओमानी ड्रायव्हर माझ्या मुलाच्या वयाचा, त्याने तो फोन पाहिलासुद्धा नसेल. "यल्ला," म्हणाला आणि गाडी नेमकी बेकरीसमोर उभी केली.