रेसवर ठेवलेला पाय

आमचे हे गेल्यानंतरच्या वर्षात माझी देवावरची श्रद्धा उरली होती की नुसती सवय, हे मलाच सांगता आलं नसतं. वडवणीत आमची पिठाची गिरणी. दोघांनी मिळून चालवलेली. यंत्रात काही बिघडलं की मी बटणापाशी उभी राहायची आणि हे पट्ट्याजवळ कान लावून बसायचे. मग मी एकटीच राहिले. मुलगी पुण्याहून म्हणायची, "आई, गिरणी बंद कर, इकडे ये." कुणावर अवलंबून राहायचं नाही म्हणून मी गाडी शिकले आणि एक जुनी गाडी घेतली.

त्या गाडीनं मला रडवलं. चालताना ठीक, पण पाऊल रेसवरून उचललं की इंजिन थरथरायचं, काटा खाली यायचा आणि गाडी बंद. बीडच्या चौकात मागचे हॉर्न वाजवत राहायचे आणि मी मान खाली घालून चावी फिरवत बसायची. मेकॅनिकनं प्लग बदलले, थ्रॉटल साफ केलं. गंमत अशी, की त्याच्याकडे थंड इंजिन शहाण्यासारखं चालायचं. "वहिनी, गाडीत कायच न्हाई. तुमच्या मनातच भीती हाय," तो म्हणाला. मलाही तसंच वाटू लागलं. गाडी विकून पुण्याला जावं, असं ठरत आलं होतं. त्याआधी एकदा कपिलधारला देवदर्शनाला जाऊन यावं म्हणून सोमवारी सकाळी निघाले.

कपिलधारच्या अलीकडे, चढाच्या वळणावर गाडी बंद पडली. चावी फिरवली की चालू व्हायची, पाय काढला की पुन्हा बंद. बॉनेट उघडून पाहावं तर तोवर इंजिन थांबलेलं. आवाज ऐकायचा तर रेसवर कुणाचा तरी पाय हवा, आणि माझ्याबरोबर कुणीच नव्हतं. स्टेअरिंगवर डोकं टेकून मी एवढंच म्हणाले, "देवा, गाडी राहू दे, एक माणूस तरी दे."

थोड्या वेळानं मेंढरांचा कळप वळणावर आला. मागे एक म्हातारे बाबा. "कावून थांबलात माय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "मला गाडीतलं काय बी कळत न्हाई." मी म्हटलं, "बाबा, कळायला नको. नुसतं बसा आणि इथं पाय ठेवा." मी हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलला टाकली. त्यांनी वहाणा बाहेर काढल्या आणि देवळात शिरावं तसे आत बसले. त्यांचा अनवाणी पाय रेसवर इतका हलका, इतका स्थिर टेकला, की इंजिन एका लयीत गुणगुणू लागलं.

मी बॉनेटखाली वाकले. यांच्यासारखा मी यंत्राला कान लावला होता, आणि कितीतरी महिन्यांनी पलीकडे कुणीतरी होतं. बारीक शिट्टी ऐकू आली. हवेच्या एका रबरी नळीला टोकापाशी चीर होती. रबर तापलं की ती उघडायची आणि आत नको तितकी हवा जायची. चिरेवर बोट दाबलं, तशी शिट्टी थांबली. "आता पाय काढा," मी ओरडले. त्यांनी काढला. इंजिन चालूच राहिलं. मी तिथंच उभी राहून रडले.

इंजिन बंद करून, त्यांच्याच चाकूनं फाटलेलं टोक कापलं आणि उरलेली नळी घट्ट बसवली. दर्शनाला चला म्हटलं, तर हसून म्हणाले, "मेंढरं कुणाच्या जीवावर सोडू? माझाबी नमस्कार सांगा."

घर आजही रिकामंच आहे. पण गिरणी चालू आहे, आणि पुण्याला मी पाहुणी म्हणून जाते. इतके दिवस मी देवापुढे सगळं एकटीनं पेलण्याची ताकद मागत होते. त्यानं ती दिली नाही, हे बरंच झालं.

त्या दिवशी देवासमोर उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, बाबांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. म्हटलं, देवा, वळणावर मेंढरं घेऊन आहेत ना, त्यांचा नमस्कार. मग स्वतःसाठी काही मागायला हात जोडले, तर काही केल्या काही आठवेना.