दुधाच्या आरावरच्या बरगड्या

सोनाळ्याच्या आमच्या घरामागे, निंबाखाली, हातभर खोल एक खड्डा होता, आतून मातीनं लिंपलेला. सकाळी गुरं रानात गेली की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यात गोवऱ्या रचायच्या, एका कडेनं पेटवायच्या, वर राख पसरायच्या आणि दुधाचं मडकं ठेवून द्यायच्या. राखेखालच्या त्या मंद विस्तवाला तिकडे आर म्हणतात. त्याला जाळ नाही, आवाज नाही. धुराची एक बारीक रेघ निंबाच्या पानांत जाऊन विरायची. दिवस कलेपर्यंत दूध तापत राहायचं आणि साय बदामी रंगाची व्हायची. नवी नवरी असताना मी त्या खड्ड्याजवळ बसले की माझे डोळे मिटायचे. समोर निळा सातपुडा, नाकात दुधाचा वास. आपण सासरी आहोत की माहेरी, जागे आहोत की झोपेत, हे घटकाभर कळायचं नाही.

माझं माहेर देऊळगाव राजाकडचं, जालन्याला लागून. महाराष्ट्र होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. जिल्हा एकच, पण एस्टी बदलत बदलत सोनाळ्याला पोचेपर्यंत भाषाही बदललेली असायची. मी ‘मले’ऐवजी ‘मला’ म्हटलं की शेजारच्या बायका पदराआड हसायच्या, “जालन्याची मैना बोलून राह्यली.” मी फणकाऱ्यानं उठून आत जायचे. राग माझ्या नाकावरच असायचा, आजही आहे.

घरात मामाजींचा, माझ्या सासऱ्यांचा, दरारा होता. त्यांची दुसरी ख्याती मटणाची. आत्याबाई लहानपणापासून माळकरी. त्यांनी मटणाला कधी हात लावला नाही, म्हणून ते शिजायचं बाहेर, संत्र्याच्या बगीच्यात, आणि शिजवायचे मामाजी. तीन दगडांवर देगची, खाली पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा, धडाडता जाळ. नळी दातानं फोडावी तर त्यांनीच, असं गावातले म्हातारे सांगायचे. मी हे सगळं नुसतं ऐकलेलं. मी यायच्या आदल्या वर्षी त्यांनी मटण सोडलं होतं. “बस झालं, आता देवाकडं पाहाचं,” एवढंच म्हणाले म्हणे. गावानं मान डोलावली.

खरी गोष्ट आधी कळली ती कुत्र्याला. दुपारी मी बगीच्यात भाकर घेऊन जायचे. सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं नाही, थेट बोलायचं नाही, अशी तेव्हाची रीत. मी डोईवर पदर घेऊन झाडाआड उभी राहायचे. आमचं तांबडं कुत्रं मात्र मामाजींच्या बाजेखाली बसून असायचं. मामाजी भाकरीचा मधला मऊ भाग दुधात कुस्करून खायचे आणि कडा गुपचूप खाली सोडायचे. हुरड्याच्या दिवसांत सगळे ओंजळी भरभरून खात होते, तेव्हा त्यांनी आपला वाटा दुसऱ्याला दिला. मग एकदा ते जांभई देताना मला दिसलं. वर दोन, खाली एक, एवढेच दात उरले होते. देव वगैरे काही नाही, दातांनी घात केला होता. आणि नळ्या फोडणारा माणूस हे कुणाला सांगणार?

एरवी मी पोट धरून हसले असते, पण हसू आलं नाही. कारण त्याच आठवड्यात मारुतीच्या पारावर ठरलं, की येत्या एकादशीला मामाजींना तुळशीची माळ घालायची. त्यांच्याच वयाचा एक पांढऱ्या मिशांचा मित्र घरी येऊन सांगून गेला. माळ एकदा गळ्यात पडली की मटण कायमचं बंद, आणि तेही देवाला खोटं सांगून. मामाजी “बरं” म्हणाले. मग त्यांनी आपली देगची आणि लांब दांड्याचा पितळी डाव आणून ह्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पुढ्यात ठेवला. “ठेव तुले. माह्या काय कामाचं?” बोलताना त्यांचा हात डावावरून निघत नव्हता. मला इतकं वाईट वाटलं आणि इतका राग आला, की मी हातातला तांब्या आपटला.

“दातच नाहीत त्यांना,” मी ह्यांना म्हणाले. “मटण दातांशिवाय खाता येईल असं शिजवलं तर?”

“कोन शिजवीन? तू?”

“मी.”

“डोकं फिरलं काय वं तुह्यं?” हे म्हणाले, पण रविवारी पळसाच्या पानांत गुंडाळून बकऱ्याच्या बरगड्या घेऊन आले. माहेरी दात गेलेल्या माझ्या आजोबांसाठी आई बरगड्याच करायची. हाडाला लागून असलेलं मांस मंद शिजलं की लोण्यासारखं होतं. मी गोठ्यामागे खड्डा खणला, गोवऱ्या भरल्या आणि चौफेर पेटवल्या. लवकर होईल असं वाटलं. तळाचं जळून कोळसा झालं आणि वरचं चामड्यासारखं राहिलं. ते सगळं कुत्र्यानं खाल्लं. मी खड्ड्याशी बसून रडले.

मागे आत्याबाई कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. नाकाला पदर लावला होता. मला वाटलं, आता माझी खैर नाही.

“दुधाचा आर पाह्यते रोज, अन् गोवऱ्या अशा झोकते?” त्या म्हणाल्या. “उभ्या लावा लागते. एका बाजूनं पेटवा लागते. मंग तो आपला चालत जाते दिवसभर.”

“आत्याबाई, ते मामाजींसाठी...”

“मले सांगू नको. मी आर लावून देतो. मडक्यात काय हाये, ते मले मालूम नाही.” जाता जाता त्या थांबल्या. “तुले वाटते मले दिसत नाही? दोन साल झाले, त्यायची भाकर मी पातळ थापून राह्यली.”

बुधवारी ह्यांनी दुसऱ्या गावच्या बाजारातून पुन्हा बरगड्या आणल्या. मी त्यांना हळद, मीठ, लसूण आणि कच्च्या पपईचा गर चोळला. आरात भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस, लाल मिरची पाट्यावर वाटली. आई चिंचेचा कोळ आणि गुळाचा खडाही घालायची, तोही घातला. नव्या मडक्यात बरगड्या उभ्या रचल्या, मधोमध सुपारीचं एक खांड टाकलं, म्हणजे मांस लवकर मऊ होतं, आणि झाकणाची फट कणकेनं लिंपली. आत्याबाईंनी गोठ्यामागे येऊन आर लावला. मडक्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

तो दिवस मला अजून पाण्याखालून पाहावा तसा दिसतो. हिवाळ्याचं पिवळं ऊन, कुठूनसे उडत आलेले कापसाचे तंतू, कुठे कुणाची हाक नाही. अंगणात निंबाखाली एक धुराची रेघ, गोठ्यामागे दुसरी. एकीखाली दूध, एकीखाली बरगड्या, आणि दोन्हींच्या मधे मी मांडीवर हात ठेवून बसलेली. कणकेच्या फटीतून मधूनच गोड, आंबट, धुरकट वास यायचा. कुत्रं माझ्या पायाशी डोकं टेकून होतं. किती वेळ गेला मला सांगता यायचं नाही. सावली गोठ्याच्या भिंतीवर चढली तेव्हा मी उठले.

बगीच्यात मामाजी एकटेच बाजेवर बसले होते. मी परात ठेवली, मडक्यातल्या बरगड्या तीत काढल्या, वर झाकण घातलं आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. बोलायची सोय नव्हती. मग मी कुत्र्याला म्हणाले, “आज तुला कडा नाहीत रे बाबा. आणि त्यांना सांग, ह्यात दातांचं काम नाही. जिभेनं दाबलं तरी सुटतं.”

  भलत्याच माणसाचं गुपित आपण उघडं केलं, आता मामाजी परात उधळून देतील, असं वाटलं. समोर संत्र्याची झाडं उन्हात नुसती उभी होती. मग झाकण सरकलं. बऱ्याच वेळानं परातीवर हाड पडलं, टण्. मग दुसरं. मग तिसरं. स्वच्छ, कोरड्या हाडाचा आवाज. मी पदरात तोंड लपवून रडत होते आणि मला फार आनंद होत होता.

“तिले इचार रे,” मामाजी कुत्र्याला म्हणाले, “कोनं सांगतलं तिले?”

“तूच सांगितलंस की रे,” मी कुत्र्याला म्हणाले. “वर्षभर मी पाहते, कडा कोण खातंय?”

ते हसले. मग एकदम थांबले. “अन् आर कोनं लावला? इतका मंद आर या गावात एकालेच जमते.”

“आत्याबाईंनी.”

 मग नुसती हाडं पडत राहिली.

एकादशीला पारावर सगळे जमले, माळ ताटात होती. घरी येऊन ह्यांनी मला जे सांगितलं ते असं. मामाजी उभे राहिले आणि म्हणाले, “माळ नको. देवासाठी नाही सोडलं म्या. दात गेले माहे, लाज वाटे सांगाची. देवाले काहाले फसवू? बुधवारीच बरगड्या खाल्ल्या म्या.”  मग पांढऱ्या मिशांच्या मित्रानं तोंडावरचा हात काढला. त्याच्याही तोंडात काही नव्हतं. “मंग आता खाऊन राह्यला का तू? कसं?” त्यानं विचारलं.

संध्याकाळी मामाजी जेवायला बसले. मी दाराआड होते. चुलीशी आत्याबाई भाकर थापत होत्या. त्यांनी ताटात टाकलेली भाकर मामाजींनी उचलून दिव्याकडे धरली. उजेड आरपार दिसत होता.

“दोन साल झाले,” ते म्हणाले, “भाकर पातळ होऊन राह्यली. मले वाटे, तुह्ये हात थकले. तुले वाईट वाटीन म्हून बोललो नाही.”

 आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले, पिठाचा गोळा घेतला आणि पुढची भाकर आधीच्याहून पातळ थापली.