पायी येणाऱ्यांचं दार

शमीमआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाचोडच्या आठवडी बाजारात होतो. फोन त्यांचे यजमान अन्वरभाई यांचा होता. एरवी ते आधी घरातल्या सगळ्यांची विचारपूस करतात, त्या दिवशी केली नाही. "विनायकराव, तुमच्या आपा गेल्या," म्हणाले, आणि जरा थांबून, "असरच्या नमाजानंतर नेणार आहोत, तोवर या..." हातातली पिशवी ओळखीच्या दुकानात ठेवली आणि मिळेल त्या बसनं निघालो. शहरात गारखेड्यातल्या त्यांच्या घरापासून कब्रस्तानापर्यंतच्या रस्त्याला फुटपाथ आहे, पण त्यावर गाड्या उभ्या असतात. आम्ही खांदा बदलत डांबरावरूनच चाललो होतो आणि मागून एक मोटारवाला सारखा हॉर्न वाजवत होता. आमच्यातल्या कुणी तरी मागं जाऊन त्याला समजावलं, तरी तो थांबला नाही. पायी चालणाऱ्यांना जागा मिळावी म्हणून जी बाई आयुष्यभर भांडली, तिच्या शेवटच्या वाटेवर हे व्हावं... महिना उलटून गेला, तरी तो आवाज कानातून जात नाही. खरं तर मला त्यांच्याविषयी शांतपणे लिहायचं होतं. ते जमेल असं वाटत नाही.

आम्ही पाचोडच्या एकाच शाळेतले. त्या दोन वर्षं पुढं होत्या. त्यांचा धाकटा भाऊ माझ्या वर्गात होता, तो म्हणायचा म्हणून आम्ही सगळेच त्यांना आपा म्हणू लागलो. पुढं त्या वास्तुकला शिकून सरकारी नोकरीत लागल्या आणि मी शहरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल झालो. रविवारी त्यांच्याकडे चहाला जायचं, हा शिरस्ता शेवटपर्यंत टिकला. त्यांची एक आठवण मी कितीदा तरी ऐकली असेल. वडील गेल्यावर जमिनीच्या फेरफारासाठी त्यांच्या अम्मी शहरातल्या जुन्या कचेरीत खेटे घालायच्या. निजामाच्या काळातली ती इमारत, समोर उंच दगडी पायऱ्या. अम्मींचे गुडघे गेलेले. त्या खालच्या पायरीवर बसून राहायच्या आणि वरचा कारकून खाली यायचा नाही. "साहेब वर अन् अम्मी खाली," आपा म्हणायच्या, "कचेरी म्हणजे काय, ते मला तिथंच कळलं."

म्हणून ती कचेरी पाडून त्याच जागेवर नवी सरकारी इमारत बांधायचं ठरलं आणि आवाराचा आराखडा आपांकडे आला, तेव्हा त्यांनी कागदाला हात लावण्याआधी बसचा पास काढला. एके दिवशी पैठणकडून येणारी बस, दुसऱ्या दिवशी हर्सूलकडून येणारी, अशा त्या लोकांबरोबर यायच्या आणि त्यांच्या मागोमाग कचेरीपर्यंत चालायच्या. हाताखालच्या अभियंत्यांनाही गाड्या घरी ठेवायला लावून बसनं आणायच्या. त्या पोरांनी त्यांचं नाव 'कंडक्टर मॅडम' ठेवलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. एकदा त्यांनी आपल्या मोठ्या साहेबांनाच ऐन मे महिन्यात भर दुपारी बसथांब्यापासून चालत आणलं. साहेबांनी निम्म्या वाटेत रिक्षाला हात केला. "शमीम मॅडम, मुद्दा कळला," ते रिक्षात बसत म्हणाले. आपा रस्त्यातच उभ्या. "कुठं कळला साहेब? मुद्दा पुढं आहे, उन्हात."

आराखडा मात्र मंजूर झाला. त्यात एकच मोठी गोष्ट होती. इमारतीचं तोंड मुख्य रस्त्याकडे होतं, पण लोक यायचे मागच्या गल्लीतून, बसथांब्याकडून. आपांनी मागच्या बाजूलाच मुख्य दार केलं. "मॅडम, मागच्या बाजूला एवढा थाट कशाला?" असं एकानं बैठकीत विचारलं. "मागची बाजू तुमची," त्या म्हणाल्या. "पाचोडहून येणारी बाई जिकडून येते, ती तिची पुढचीच बाजू." जुन्या कचेरीच्या आवारातले कडुनिंब त्यांनी एकही तोडू दिले नाहीत. त्यांच्या सावलीतून फरसबंदी वाट नेली, कडेला बसायला ओटे बांधले, पिण्याच्या पाण्याची सोय केली. आणि पायरी एकही नाही. गल्लीपासून थेट खिडक्यांपर्यंत इतका सौम्य चढ, की आपण चढतोय हे गुडघ्यांना समजूही नये.

दारात गाड्या शिरू नयेत म्हणून काळ्या दगडाचे खुंट रोवायचे होते. दोन खुंटांत अंतर किती ठेवायचं हे त्यांनी कागदावर ठरवलं नाही. एका सकाळी अन्वरभाईंना स्कूटरसकट जागेवर बोलावलं, अम्मींनाही रिक्षातून आणलं. मी बघायला गेलो होतो. अन्वरभाई स्कूटर ढकलताहेत आणि आपा मजुरांकडून खुंट सरकवून घेताहेत.

"अडकली बघ आता," अन्वरभाई म्हणाले. "काढू कशी?"

"अडकू दे. अम्मी, तू चल."

अम्मी काठी टेकत दोन खुंटांमधून आरामात पलीकडे गेल्या आणि दम लागला म्हणून पुढच्या खुंटावर बसल्या. खुंटांचे माथे गोल घडवून घेतले होते, ते त्यासाठीच. "अच्छा है," म्हणाल्या, "मेरे वास्ते कुर्सी, और दामाद के वास्ते कुलूप." चाकाच्या खुर्चीसाठी कडेला एक लहान फाटक ठेवलं होतं, पहारेकऱ्याच्या हाताशी. अन्वरभाई स्कूटर मागं ओढत होते, घामानं निथळत, आणि आपा हसत होत्या. इतक्या मोकळेपणानं हसताना मी त्यांना नंतर फारसं पाहिलं नाही.

कारण उद्घाटनाला घोळ झाला. मंडपवाल्याला फीत मुख्य दारावर बांध, असं सांगितलं होतं. त्यानं कडुनिंबांची सावली आणि नवी फरशी बघून ती याच दारावर बांधली. चुकला नव्हता तो, मुख्य दार हेच होतं. पण पाहुण्यांची गाडी फितीपर्यंत यायला हवी होती, आणि मध्ये खुंट होते. "पाहुणे चार पावलं चालले तर काय बिघडेल?" आपांनी विचारलं. "चालत यायच्या दाराचं उद्घाटन चालत होऊ द्या." वरून उत्तर आलं, "मॅडम, एका दिवसाचा तर प्रश्न आहे." पहाटेच खुंट उपटले. पाहुणे गाडीतून फितीशी उतरले, फीत कापली आणि गाडीतूनच परत गेले.

दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं एक अधिकारी गाडी घेऊन आत आला. मग दुसरा आला. सावली होती, फरशी होती, पायरी नव्हती. अम्मींच्या गुडघ्यांसाठी केलेला तो चढ गाड्यांच्या चाकांना फार सोयीचा पडला. काही दिवसांनी पायी येणारे गाड्यांच्या आड येतात अशी तक्रार झाली, आणि दारावर पाटी लागली: फक्त अधिकाऱ्यांच्या वाहनांसाठी. गाड्या सावलीत उभ्या, आणि ज्यांच्यासाठी ती सावली राखली ती माणसं उन्हातून मुख्य रस्त्याला वळसा घालताहेत, कडेवर पोर, हातात पिशवी, अंगावर ट्रक. कुणी ठरवून केलं असतं तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. इथं प्रत्येकानं फक्त आपली गाडी सावलीत लावली.

आपांनी अर्ज केले, स्मरणपत्रं पाठवली, निवृत्त झाल्यावरही सोडलं नाही. दर सोमवारी त्या थांब्यावर उतरून त्या दाराशी जायच्या. तिथला पहारेकरी ओळखीचा झाला होता. "मॅडम, हे दार गाड्यांचं हाय," तो म्हणायचा. "मग मेरेको गाडीच समझ ले, बाबा." तो हसायचा. एकदा त्यालाच लाज वाटली असावी. म्हणाला, "तुम्ही जा आतून, मी बघितलंच नाय." आपांच्या मागं एक म्हातारी उभी होती. "या बाईलाही सोड." "तसं कसं मॅडम? तुम्हीच बांधलं म्हणून तुम्हाला." मग आपा त्या म्हातारीचा हात धरून वळसा घालून गेल्या. पुढं कचेरीनं त्यांना एकटीला त्या दारानं यायची लेखी परवानगीही देऊ केली होती. त्यांनी ती घेतली नाही. स्वतः काढलेल्या त्या दारानं आपा उद्घाटनानंतर एकदाही आत गेल्या नाहीत.

मागच्या आठवड्यात त्याच इमारतीत शोकसभा होती. अन्वरभाई आणि मी बसनं गेलो. दाराशी पहारेकरी नवा. "इथून नाय काका. तिकडून फिरून या." "शमीम मॅडमच्या सभेला आलोय," मी म्हणालो. "व्हय, पण हे गाड्यांचं दार हाय." आम्ही फिरून गेलो आणि पोचलो तेव्हा दोन भाषणं होऊन गेली होती. शेवटी एका अधिकाऱ्यानं जाहीर केलं की मागच्या वाहनतळाला शमीम मॅडमचं नाव देण्याचा विचार आहे. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हेही कुणाला सुचलं नाही. अन्वरभाई उठले. मी त्यांना चारचौघांत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "नाव नको, साहेब," ते म्हणाले. "खुंट लावा." मग अधिकारी म्हणाला, "आपल्या भावना समजतात. बघू या." आणि चहा आला.

परतताना मी त्यांच्याबरोबर गारखेड्याला गेलो. उपटलेले खुंट बरीच वर्षं उपाहारगृहामागच्या राडारोड्यात पडून होते. त्यातला एक आपांनी रीतसर मागून घरी आणला होता आणि आपल्याच फाटकात, मधोमध रोवला होता. तेव्हापासून अन्वरभाईंची स्कूटर रस्त्यावर, उन्हापावसात. त्यावरून ते कुरकुरायचे आणि आपा म्हणायच्या, "एक तरी दार राहू दे." सकाळी भाजीवाली त्यावर टोपलं टेकते. त्या दिवशी शेजारचे गृहस्थ फाटकाशीच भेटले. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्यावर हलक्या आवाजात म्हणाले, "भाई, आता तो दगड काढून टाका. गाडी आत घेता येईल."

अन्वरभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग रस्त्यावरच्या स्कूटरवरची धूळ रुमालानं पुसली, ती भिंतीला आणखी थोडी चिकटवून लावली, आणि खुंटाच्या बाजूनं अंग चोरून आत गेले.