दिनूच्या वाटणीचं ताट

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या गल्लीत कुणी लिंबू-मिरची उतरवताना दिसलं की मी भांडायला उठायचो. स्वभावच तापट. आणि या तापटपणापायीच पुढचं सगळं घडलं, म्हणून तेही आधीच कबूल केलेलं बरं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, नागपूरची. मी हिंगण्याला एका कारखान्यात मेन्टेनन्सला होतो. सक्करदऱ्याला दोन खोल्यांत मी, माझी माय आणि धाकटा भाऊ दिनू. वडील लहानपणीच गेलेले. दिनू डिप्लोमाला नापास झाला आणि त्यानं घरी पास झालो म्हणून सांगितलं, पेढेसुद्धा वाटले! मला खरं कळलं त्या संध्याकाळी तो जेवायला बसला होता. मी आव पाहिला ना ताव, ताटावरच त्याच्या कानाखाली वाजवली. तो भरल्या ताटावरून उठला, चपला घातल्या आणि गेला. दोन वर्षं झाली, ना पत्र ना पत्ता.

माय मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून तिनं रात्रीचं जेवण सोडलं. मी आग्रह केला की म्हणायची, "माह्यं पोरगं उपाशी गेलं गा. त्यानं कुठं पोटभर खाल्लं हे समजू दे, मंग जेवतो मी." आणि मला मात्र गरम गरम वाढायची. तो घास माझ्या घशाखाली कसा उतरत असेल, तुम्हीच विचार करा.

त्या वर्षी कारखान्यात जपानहून नवीन मशीन आली आणि तिच्यासोबत ओकादासाहेब आले. पन्नाशी उलटलेली, बुटका बांधा, सदा हसरे. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं झकास जमलं! त्यांना घरापेक्षा जास्त आठवण यायची ती त्यांच्या गावच्या स्टेशनजवळच्या एका खानावळीची. तिथे असल्या जागेला इझाकाया म्हणतात. "छोटी खोली. खूप धूर. खूप आरडाओरडा. खूप मित्र," असं ते बोटं मोजत सांगायचे. मीही एकदा शिफ्टमध्ये त्यांना दिनूचं सगळं सांगून टाकलं होतं. त्या थपडेसकट.

मशीन सुरू झाली. सव्वीस जानेवारीची सुट्टी होती, तिच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाले, आज तुम्हा सगळ्यांना इझाकायात जेवू घालतो. आता नागपुरात कुठला आलाय इझाकाया! आम्ही मेन्टेनन्सचे आठ जण त्यांना घेऊन गेलो कुसुमबाईच्या सावजी खानावळीत. बाकडी, धूर, "रस्सा आण!" म्हणून चहूकडून ओरडा... साहेबांनी दारातूनच पाहिलं आणि टाळी वाजवली. "हाच इझाकाया!"

मग काय विचारता. साहेबांनी बाह्या सरसावल्या. सायकलच्या दुकानातून कोरे स्पोक आणवले, घासूनपुसून त्यात कोंबडीचे तुकडे ओवले आणि कुसुमबाईच्या शेगडीवर भाजायला बसले.

"काहून जाळून राहिले गा साहेब कोंबडी? मसाला तरी लावा!" कुसुमबाई डोक्याला हात लावून म्हणाली.

साहेब फक्त मीठ लावत होते. कुणी गिऱ्हाईक आत आलं की ते जपानीत मोठ्यांदा "या, या!" असं ओरडायचे आणि थोड्या वेळात आम्ही आठही जण तेच ओरडायला लागलो. गिऱ्हाईकं दचकायची, मग हसायची. दोन वर्षांत मी पहिल्यांदा पोटभर हसलो असेन.

तेवढ्यात साहेबांनी एक जास्तीचं ताट मागवलं. माझ्या शेजारची जागा रिकामी करून ते तिथे मांडलं. वाटीत गरम भात, बाजूला मटणाचा रस्सा. खिशातून एक डबी काढली आणि त्यातलं खारवलेलं, सुरकुतलेलं लाल फळ भातावर ठेवलं. वरून दुसरं ताट झाकलं आणि मला म्हणाले, "तुमच्या भावासाठी."

माझं टाळकंच सरकलं. आपल्याकडे असं पान कुणासाठी काढतात ते तुम्हाला माहीत आहे. मी ताडकन उठून ओरडलो, "माझा भाऊ मेला नाही!"

कुसुमबाईसुद्धा म्हणाली, "जित्या माणसाचं पान नाही काढत साहेब. उचला ते."

साहेब घाबरले नाहीत. सावकाश, शब्द शोधत म्हणाले, "आमच्याकडे जिवंत माणसासाठीच. घरापासून दूर आहे, तो उपाशी राहू नये म्हणून. माझा मोठा भाऊ लढाईवर होता, आई रोज ठेवायची. सगळे म्हणाले, गेला. आई ठेवत राहिली. आला तो." मग त्यांनी वरचं ताट उचललं आणि उलटं करून दाखवलं. आतून पाण्याचे थेंब जमले होते. "थेंब आले की तो बरा आहे."

गरम भात झाकला की थेंब येणारच, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण मी खाली बसलो. ते ताट घरच्यानं संपवायचं असतं म्हणाले, म्हणून मी जेवलो. ते फळ तोंडात टाकलं तर असलं खारट, असलं आंबट... अंगावर काटाच आला! बी कागदात गुंडाळून खिशात टाकली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिखटजाळ सावजी रश्शाचं एक बरं असतं, कुणी विचारत नाही.

मायला मी यातलं काही सांगितलं नाही. जित्या पोराचं पान काढलं म्हणून ती धसकली असती.

होळीच्या चार दिवस आधी दिनू दारात उभा. हाडांचा सापळा झालेला! मायनं त्याला पोटाशी धरलं, मी नुसता उभा राहिलो. मग त्यानंच वाकून माझे पाय धरले आणि मला रडू आवरेना.

संध्याकाळी ताटावर बसल्यावर तो सांगू लागला. भिलाईकडे एका वर्कशॉपमध्ये होता, टायफॉइडनं दवाखान्यात पडला. "झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी तर मी गेलोच होतो, दादा. चार दिवस पोटात अन्न नाही. अन् संध्याकाळी एकाएकी जाग आली तं तोंड भाजून राहिलं! सावजी रस्सा! नर्सले म्हटलं, मले कोणी मटण चारलं? ते हसाले लागली. अन् आणखी एक काहीतरी होतं... बोरासारखं. पण बोर नाही, कैरी नाही. लई खारट, लई आंबट. जिभेखाली बी शोधून राहिलो मी!"

मी हातातला घास ताटात ठेवला. उठून पेटीतून तो कागद काढला, बी त्याच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं.

तापात तोंडाला कसलीही चव येते, असं नंतर आमच्या गल्लीतले डॉक्टर म्हणाले. येत असेल. पण त्यानं जन्मात न पाहिलेल्या फळाची? त्याच संध्याकाळी? जपानला परतलेल्या ओकादासाहेबांना पत्र लिहिलं, तर उत्तरात लिहिलं होतं, "छान झालं. तब्येत जपा." त्यांना नवल वाटलंच नव्हतं. मी आजही लिंबू-मिरचीवाल्यांशी भांडतो आणि या गोष्टीचा उलगडा आजही माझ्याकडे नाही.

माय मात्र त्या दिवशी रागावली नाही. ती बी तिनं हातात घेऊन पाहिली आणि दिनूला एवढंच विचारलं, "पोट भरलं होतं का रे तुयं?"

"भरलं होतं, माय."

तिनं भिंतीशी टेकवलेलं आपलं ताट काढलं आणि माझ्यापुढे केलं.

"मंग वाढ गा मले."