चार शहरं आणि लौंग शेव

आमच्या घरात सहल ठरवायची म्हणजे वाटेत कोणकोण नातेवाईक लागतात ते आधी बघायचं. नागपूरला आत्या, पुण्याला मावशी; तिथे जाऊन हॉटेलात उतरलो तर वर्षभर रुसवे. त्यामुळे मी पाठीवर सॅक टाकून एकटी युरोप फिरणार म्हटल्यावर बाबा नकाशा उघडून बसले. प्रत्येक शहरावर बोट ठेवून एकच प्रश्न: "इथे आपलं कोण आहे?"

"कोणी नाही!" मी शेवटी ओरडलेच. पण पंधरा दिवसांत सात शहरं केलीस तर नुसती स्टेशनंच बघशील, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. कुरकुरत तीन शहरं कापली. क्राकोव्ह, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट उरली. सगळीकडे रेल्वे, सगळीकडे हॉस्टेल.

निघायच्या दिवशी सॅक उचलली तर फुगलेली. आत आमच्या गावातल्या मल्हारगंज बाजारातून आणलेली, लवंग घातलेल्या तिखट लौंग शेवेची चार पाकिटं, आणि माझा स्वेटर पलंगावर.

"आई, हे काय यार! तिथे आपलं कोणी नाही, शेव देऊ कोणाला?"

"कोणी नाही म्हणूनच ना," आई म्हणाली. "अनोळखी माणसांकडे रिकाम्या हातानं जाशील?"

भर उन्हाळ्यात मी स्वेटर अंगात घातला आणि सॅकची चेन लावली.