बाईचे पोट्टे

"बाई, उद्यापासून फुटबॉलच्या ग्राउंडवर नाही आलात तरी चालेल," कॉलेजचे अध्यक्ष मला म्हणाले. झोनची फायनल पुढच्या आठवड्यात होती. झोन म्हणजे आमच्या भागातली सगळी कॉलेजं. त्यांच्या आपसातल्या स्पर्धेत आमची टीम पहिल्यांदाच फायनलला पोचली होती. गडचिरोली जिल्हा तेव्हा नवा नवा झालेला.

मी तिथे फिजिकल डायरेक्टर, म्हणजे खेळाची शिक्षिका. मुलांच्या फुटबॉलला कोच मिळेना, तेव्हा हेच साहेब म्हणाले होते, "बाई, सांभाळून घ्या." घेतलं सांभाळून. धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत, ढेकळं फोडून, पोरांना पास द्यायला शिकवलं. आता फायनल दिसायला लागली तर नागपूरहून डिप्लोमावाले कोच आणले.

"माझं चुकलं कुठे, ते तरी सांगा."

"चुकलं काही नाही. पण लोक काय ओरडतात ते ऐकता ना? पुरुषांचा खेळ, अन् आपल्या टीमला…" पुढचं त्यांनी गिळलं.

लोक ओरडायचे, "बाईचे पोट्टे!" चामोर्शीकडचे शेतकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून मॅचला यायचे. पोट्टे म्हणजे पोरं, आणि बाई म्हणजे मी. आमच्याकडे वडीलधारीला मानानं बाई म्हणतात. साहेब तिथलेच, त्यांना हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण बाहेरगावचे एक प्राचार्य ऐकून हसले, तेवढ्यानं यांचं नाक कापलं गेलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

फायनल चंद्रपूरला होती. नव्या कोचनी आमच्या लोकांना ताकीद दिली, ओरडायचं तर कॉलेजचं नाव घेऊन ओरडा. कॉलेज साहेबांच्या वडिलांच्या नावाचं, आणि नाव हे एवढं लांबलचक. मी मंडपात बायकांच्या खुर्च्यांत बसले. ट्रॅक्टरवाले वासुदेवभाऊ मला शोधत आले.

"बाई, तुमी इथी काऊन बसून राह्यल्या?"

"मला काढलं, भाऊ."

"मंग आमी कोनासाठी ओरडाचं?"

ते जाऊन लोकांत बसले. त्यानंतर आमच्या बाजूनं चकार शब्द नाही. समोरच्यांचे ढोल तेवढे वाजत होते. हाफटाइमला आम्ही एका गोलनं मागे. पोरं माना खाली घालून बसलेली.

साहेब घाम पुसत माझ्याकडे आले. "तुमच्या लोकांना जरा ओरडायला सांगा."

"काय ओरडायला सांगू?"

"तेच. नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे?"

"आता माझ्या तोंडून वदवून घेता का?"

"हो. म्हणा ना एकदा."

नाही म्हणाले. मीच उठले. त्यांच्यासाठी नाही, पोरांचे चेहरे बघवेनात म्हणून. मैदानाच्या रेषेपाशी जाऊन उभी राहिले. वासुदेवभाऊंनी मला बघितलं आणि आमची सगळी माणसं उठली. "बाईचे पोट्टे!" मैदान दणाणलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

कॅप्टन नामदेवनं गोल फेडला. साहेब टाळ्या पिटत शेजारच्यांना सांगत होते, "आमच्या कॉलेजची मुलं." वेळ संपली तेव्हा बरोबरी. मग टायब्रेकर, म्हणजे दोन्हीकडच्या एकेकानं आळीपाळीनं थेट गोलवर मारायचं. आमची एक किक बारला लागून बाहेर गेली. हरलो.

सोमवारी स्टाफ मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "शेवटी बाईचेच पोट्टे ते. हरणारच." हाफटाइमला जे तोंडातून निघत नव्हतं, ते आता कसं सुळकन बाहेर आलं. वर मला मेमो. का, तर विनापरवानगी मैदानापाशी जाऊन मी शिस्त मोडली. कोचला एका शब्दानं बोलले नाहीत. पुढच्या वर्षी तेच कोच कायम. मला मुलींचा खो-खो दिला.

त्या वर्षी फुटबॉलच्या पहिल्या मॅचला ग्राउंडवर दोन्ही टीम आणि काही गाई. एकही ट्रॉली आली नाही.

"लोक का येत नाहीत हो, बाई?" साहेबांनी मलाच विचारलं.

"कोच आणलात तसे नागपूरहून प्रेक्षकही आणा, साहेब. इंटरव्ह्यू घेऊन."

दुसऱ्या दिवशी उद्धटपणाबद्दल दुसरा मेमो आला. पहिला माझ्यावर लादलेला होता. हा मी स्वतः कमावला.